स्टेशनाचा फोटो आणि डोईवर पाटी घेतलेल्या बाया



गटाचा माल घेऊन ठाण्याला प्रदर्शनाला निघालो, की कल्याण स्टेशनावर कुणीतरी मोबाईल काढतंच. "थांबा गं, एक फोटो!" मुंबईला गेलो तर सीएसएमटीसमोर अख्खा गट उभा राहतो. आज अशाच रेल्वेच्या फोटोंची एक जुनी गोष्ट सांगते.

१६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे आणि ओढायला साहिब, सिंध, सुलतान अशी तीन इंजिनं. पुढच्या वर्षी, १ मे १८५४ ला, गाडी कल्याणला पोचली. कल्याणला रूळ फुटतात, ते आपण नेहमी बघतो. एक फाटा कसाऱ्याकडे, दुसरा कर्जतकडे. कर्जतच्या पुढे सह्याद्री आडवा. पुण्याकडे जायचं तर बोरघाट फोडायला हवा.

ते काम १८५६ ला सुरू झालं. १८५९ च्या सुरुवातीला मजुरी थकली म्हणून मजुरांनी दंगा केला आणि पहिल्या ठेकेदाराने काम सोडलं. मग इंग्लंडहून सॉलोमन ट्रेडवेल हा ठेकेदार आला, पण थोड्याच दिवसांत आजाराने वारला. मागे राहिली त्याची बायको, ॲलिस. मुलूख परका, नवरा गेलेला. तरी तिने ठेका सोडला नाही. जाणकार माणसं नेमली आणि काम पुढे नेलं. १८६३ ला घाट खुला झाला. २५ बोगदे आणि पंचवीसेक किलोमीटरचा चढ!

याच ॲलिसबाईने घाटाच्या कामाचे फोटोही काढले. तेव्हा फोटो काढणं म्हणजे केवढा खटाटोप! काचेवर औषध लावायचं, ती ओली आहे तोवर फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा. समोरचा माणूस हलला की अंधूक दिसणार. तिचे फोटो अजून जपून ठेवलेले आहेत, आणि तिचं नावही राहिलं.

पण ऐका. १८६१ च्या जानेवारीत त्या घाटात ४२,००० च्या वर मजूर होते. त्यांत बायाही होत्या, पोरंही होती. गडी सुरुंग लावत, दगड फोडत. बाया डोईवर पाटी घेऊन माती-दगड वाहत. मजुरी मात्र गड्यांपेक्षा कमी. पटकीच्या साथीत कितीतरी जणी तिथेच गेल्या. त्यांतल्या एकीचंही नाव आपल्याला सांगता येत नाही.

सीएसएमटीची इमारत १८८८ ला पुरी झाली. तिच्या घुमटावर हातात मशाल घेतलेली एक बाई उभी आहे. तिला 'प्रगती' म्हणतात. येणारा-जाणारा तिचा फोटो काढतो. दगडाच्या बाईला नाव मिळालं, दगड वाहणारीला नाही.

पुढे दिवस पालटले. साताऱ्याच्या सुरेखा यादव आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक झाल्या. ८ मार्च २०११ ला त्यांनी पुण्याहून मुंबईला डेक्कन क्वीन आणली, ती याच बोरघाटातून. त्यांचं नाव आणि फोटो तेव्हा सगळीकडे छापून आला. ज्या घाटात आपल्या बायांनी दगड वाहिले, त्याच घाटातून आपल्यातलीच एक बाई इंजिन घेऊन उतरली.

म्हणून सांगते, पुढच्या खेपेला स्टेशनाचा फोटो जरूर काढा. फक्त पिवळ्या रेघेच्या आत उभं राहून. रुळांवर उतरणं हा गुन्हा आहे, आणि जीव एकदाच मिळतो. कमान काढा, घड्याळ काढा, पण फलाट झाडणारी ताई, भाजीची पाटी घेऊन लोकल पकडणारी मावशी, तिकीट देणारी मुलगी यांनाही विचारा, "ताई, तुमचा फोटो काढू का?" हो म्हणाली तर तिचं नाव विचारा. घरी आल्यावर गटाच्या वहीत तारीख, स्टेशन आणि नाव लिहून ठेवा.

आणि गटाचा फोटो काढताना, जी दर वेळी फोटो काढते तिला एकदा पुढे उभी करा. तिचंही नाव लिहा.