तंगाखालची जखम : बोअर युद्धातील घोडे आणि एका पट्ट्याचा इतिहास

१/ ११ ऑक्टोबर १८९९ रोजी दक्षिण आफ्रिकेत ब्रिटिश साम्राज्य आणि दोन बोअर प्रजासत्ताके यांच्यात युद्ध पेटले. ३१ मे १९०२ रोजी ते संपले. या काळात ब्रिटिश सैन्याने सुमारे ५ लाख घोडे रणभूमीवर आणले आणि त्यांतील ३ लाखांहून अधिक गमावले. शत्रूच्या गोळीने मेलेले त्यांत थोडेच होते.

२/ बहुतेक घोडे उपासमार, अतिश्रम आणि रोगराई यांनी मेले. परंतु मरणाच्या आधी घोडा निकामी होतो, आणि निकामी होण्याची सुरुवात पुष्कळदा अगदी क्षुल्लक दिसणाऱ्या जागी होते. अशा जागांपैकी एक म्हणजे खोगीर आवळणाऱ्या तंगाखालची, पुढच्या पायाच्या कोपरामागची वीतभर कातडी.

३/ तंग म्हणजे घोड्याच्या छातीखालून जाणारा, खोगीर जागेवर धरून ठेवणारा पट्टा. तो जिथे बसतो तिथली कातडी पातळ आणि सैल असते. प्रत्येक पावलागणिक कोपर मागे येते आणि तिथे घडी पडते. त्या घडीत घाम, धूळ आणि सुकलेल्या घामाचे मीठ साचते. वर कडक झालेले चामडे घासत राहिले की आधी केस झडतात, मग सूज येते आणि अखेरीस कातडी सोलवटते.

४/ ही जखम सर्वांत आधी कोणत्या घोड्याला होते? जो बराच काळ कामाविना उभा होता आणि एकाएकी कामाला जुंपला गेला, त्याला. रोजच्या स्वारीने कातडी हळूहळू टणक होते; विश्रांतीने ती पुन्हा मऊ पडते. शिवाय पोट सुटलेल्या घोड्याचा तंग पुढे सरकून थेट कोपराला भिडतो. दक्षिण आफ्रिकेत नेमके असेच घोडे मोठ्या संख्येने उतरले.

५/ ब्रिटिश सरकारने हंगेरी, अर्जेंटिना, उत्तर अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया येथून घोडे विकत घेतले. कित्येक आठवडे ते जहाजाच्या पोटात उभे होते. किनाऱ्यावर उतरताच त्यांना रेल्वेच्या डब्यांत भरून उंच पठारावर नेले जाई. उत्तर गोलार्धातून निघालेल्या अनेक घोड्यांच्या अंगावर हिवाळ्याचे दाट केस होते आणि समोर होता दक्षिणेतला कडक उन्हाळा. हवापाण्याशी जुळवून घ्यायला सवड न मिळताच त्यांच्यावर खोगीर चढले.

६/ या युद्धाशी मुंबईचाही संबंध आहे. १८९९ मध्ये हिंदुस्थानातून नाताळकडे जी पलटणे धाडली गेली, त्यांतील काही मुंबई बंदरातून निघाली. लढण्याचे काम गोऱ्या शिपायांकडे होते. परंतु घोड्यांचा खरारा, दाणावैरण आणि पाणी सांभाळणारे हिंदी मोतद्दारही समुद्रापार गेले. युद्धाच्या इतिहासात त्यांची नावे क्वचितच सापडतात.

७/ आता ओझ्याचा हिशेब पाहू. स्वार, खोगीर, बंदूक, तलवार, काडतुसे, घोंगडी आणि शिधा मिळून ब्रिटिश घोडदळाच्या घोड्यावर सुमारे सव्वाशे किलो भार असे. उपासमारीने घोडा रोडावला की त्याच्या मापाचे खोगीर सैल होई. स्वार तंग आणखी आवळी. तरीही खोगीर सरके आणि घर्षण वाढे. म्हणजे दाणा कमी पडला, त्याची खूण तंगाखाली उमटली.

८/ फेब्रुवारी १९०० मध्ये जनरल फ्रेंच यांच्या घोडदळाने किंबर्लीचा वेढा उठवला. इंग्लंडमध्ये विजयोत्सव झाला. पण भर उन्हाळ्यात, अपुऱ्या पाण्यावर केलेल्या त्या दौडीने घोडदळाचा कणाच मोडला. १५ तारखेला किंबर्ली मोकळी झाली, त्या वेळी असंख्य घोडे पुढचे पाऊल टाकण्याच्या स्थितीत नव्हते.

९/ बोअर स्वारांकडेही घोडेच होते. मग त्यांची अवस्था निराळी का? त्यांची तट्टे लहान, त्याच मातीत वाढलेली आणि तेथील गवतावर जगणारी होती. स्वारासोबत सामान थोडे असे. मुक्काम कितीही छोटा असो, बोअर शेतकरी खाली उतरून खोगीर काढी, घोड्याला लोळू देई, चरू देई. ब्रिटिश तुकड्यांत मात्र घोडे तासन्‌तास आवळलेल्या तंगासह उभे राहत.

१०/ हे ज्ञान ब्रिटिशांकडे नव्हते असे मुळीच नाही. लष्करी पशुवैद्य फ्रेडरिक स्मिथ यांनी खोगीर आणि त्यामुळे होणाऱ्या जखमा यांवर १८९१ मध्येच स्वतंत्र पुस्तिका लिहिली होती. घोड्याची पाठ लागते ती नशिबाने नव्हे. प्रत्येक जखमेमागे शोधता येण्याजोगे कारण असते आणि ते दूर केल्यावाचून मलमाचा उपयोग नाही, ही या शास्त्राची मूळ शिकवण. युद्धाच्या ८ वर्षे आधी ती छापील स्वरूपात उपलब्ध होती.

११/ त्या काळच्या जाणत्या स्वारांचे उपाय साधे होते. तंग एका दमात न आवळता टप्प्याटप्प्याने आवळायचा. आवळल्यावर पुढचे पाय एकेक करून हलकेच पुढे ओढायचे, म्हणजे अडकलेली कातडी सरळ होते. तंगाखाली बोटे शिरतात का, हे पाहायचे. तंग रोज पुसून मऊ ठेवायचा. नाजूक कातडीच्या घोड्यासाठी त्यावर मेंढीच्या लोकरीचे आवरण चढवायचे. नव्या घोड्याची कातडी टणक व्हावी म्हणून ती मिठाच्या पाण्याने पुसायची, पण जखम होण्यापूर्वीच.

१२/ लांबच्या मजलेत स्वाराने अधूनमधून उतरून चालायचे. मुक्कामावर पोहोचताच तापलेल्या पाठीवरून खोगीर खसकन काढायचे नाही. आधी तंग ढिला करून थोडा वेळ थांबायचे. खोगीर उतरल्यावर तंगाच्या जागेवरून तळहात फिरवायचा. उष्ण, फुगीर किंवा दुखरी जागा हाताला लगेच कळते. डोळ्याला जखम दिसते ती नंतर.

१३/ त्याही आधी घोडा स्वतः सांगत असतो. तंग आवळताना तो कान मागे पाडतो, अंग चोरतो, वळून चावा घेऊ पाहतो. नवशिक्या स्वाराला ती खोडी वाटते आणि तो चाबूक उगारतो. बोअर युद्धात पायदळातून किंवा थेट नागरी जीवनातून आलेल्या हजारो माणसांना घाईघाईने घोड्यावर बसवण्यात आले होते. घोड्याची ही भाषा त्यांना कोणी शिकवलेलीच नव्हती.

१४/ जखम झाल्यावर उपाय एकच : तंग लावणे थांबवणे. स्वच्छ किंवा मिठाच्या कोमट पाण्याने धुवायचे, माश्यांपासून जपायचे आणि कातडी पुरती भरून केस येईपर्यंत त्या जागेवर काहीही आवळायचे नाही. सैन्याला नेमकी हीच गोष्ट परवडत नव्हती. अर्धवट बऱ्या झालेल्या घोड्यावर पुन्हा खोगीर चढे आणि चार दिवसांची जखम महिन्याची होई. खोल जखम भरली, तरी रंग देणाऱ्या पेशी नष्ट झाल्याने तिथे अनेकदा पांढरे केस उगवतात. ती खूण घोडा जन्मभर वागवतो.

१५/ दुखावलेल्या घोड्यांना विश्रांती द्यायची, तर रणभूमीच्या मागे रुग्णालये हवीत आणि शिकलेली माणसे हवीत. १८९९ मध्ये ब्रिटिश सैन्याकडे पशुवैद्य अधिकारी होते. पण त्यांच्या हाताखाली प्रशिक्षित शिपायांचे दल नव्हते. युद्धानंतर या अव्यवस्थेवर कठोर टीका झाली आणि १९०३ मध्ये आर्मी व्हेटर्नरी कोअर स्थापन झाले. १९१२ च्या नव्या लष्करी खोगिराचा सांगाडा घोड्याच्या पाठीच्या ठेवणीनुसार जुळेल असा बनवला गेला. १९०७ मध्ये लष्करी पशुवैद्यक सेवेचे प्रमुखपद स्मिथ यांच्याकडेच आले, आणि दक्षिण आफ्रिकेतील या हानीचा सविस्तर इतिहासही त्यांनीच लिहिला.

१६/ फरक पहिल्या महायुद्धात दिसला. त्या दलाच्या रुग्णालयांत दाखल झालेल्या जनावरांपैकी १०० पैकी सुमारे ८० बरी होऊन पुन्हा कामावर परतली. महायुद्धाची संहारशक्ती बोअर युद्धाहून कितीतरी अधिक होती. तरीही मिळवलेले ज्ञान राबवणारी यंत्रणा उभी राहिल्यावर एवढे घोडे वाचवता आले. १८९९ च्या घोड्यांसाठी ते ज्ञान होते, यंत्रणा नव्हती.

१७/ दक्षिण आफ्रिकेतील पोर्ट एलिझाबेथ, म्हणजे आजचे गेबेरा, हे त्या घोड्यांच्या उतरण्याचे एक प्रमुख बंदर. तिथे १९०५ मध्ये त्यांचे स्मारक उभारले गेले. त्यात ना दौड आहे, ना तलवार. एक थकलेला घोडा उभा आहे आणि त्याच्यापुढे एक शिपाई गुडघा टेकून पाण्याची बादली धरून बसला आहे.