लाइन लॉक : ब्रेकच्या नळीतील एका झडपेचा इतिहास

१/ दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुण जुन्या मोटारी सुधारून भररस्त्यात शर्यती लावत. या जीवघेण्या चढाओढीला नियमांच्या चौकटीत आणण्यासाठी वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली. पाव मैलाची सरळ धावपट्टी हे या शर्यतीचे प्रमाण मैदान ठरले.

२/ येथे टायरची पकड निर्णायक असते. तापलेले रबर धावपट्टी घट्ट धरते. म्हणून सुटण्यापूर्वी मागची चाके जागीच गरगर फिरवून तापवली जातात. परंतु पेडल दाबताच चारही चाकांचे ब्रेक आवळतात. पुढची चाके धरावीत आणि मागची सोडावीत, हा खरा पेच.

३/ त्यावरील उत्तर म्हणजे लाइन लॉक : पुढच्या ब्रेकच्या नळीत बसवलेली, विजेवर चालणारी झडप. पेडल दाबून बटण दाबले की दाब पुढच्या चाकांपाशी कोंडला जातो; पेडल सोडताच मागची चाके मोकळी होतात. हर्स्ट कंपनीचे हे उपकरण विशेष नावाजले.

४/ मात्र प्रत्येक नवा सांधा हा गळतीचा संभव असतो. नळीत हवा राहिली तर पेडल पोकळ जाते आणि ऐनवेळी मोटार थांबत नाही. त्यामुळे झडप बसवल्यावर हवा काढणे व सांधे तपासणे अपरिहार्य. हे उपकरण पार्किंग ब्रेकचा पर्यायही नव्हे.

५/ २०१५ च्या फोर्ड मस्टँग जीटीमध्ये हीच सोय कारखान्यातूनच, संगणकाच्या आज्ञेवर चालणारी अशी आली. तीही केवळ शर्यतीच्या मैदानापुरती. रस्त्यावरची शर्यत मैदानात नेण्याचा १९५१ चा आग्रह तिच्या वापराच्या अटीत आजही टिकून आहे.