सागवानाचा दंड आणि थिबाचे राज्य

१८८५ साली उत्तर ब्रह्मदेशाचे राज्य बुडाले, त्याला निमित्त झाले सागवानाच्या ओंडक्यांचे. रंगूनसह सगळी किनारपट्टी इंग्रजांनी आधीच्या दोन युद्धांत घेतली होती. मांडलेच्या थिबा राजाकडे सागाची जंगले, मोगोकच्या माणकांच्या खाणी आणि येनांजाऊंगच्या तेलविहिरी राहिल्या. समुद्र राहिला नाही.

सागाचा मोठा मक्ता बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनकडे होता. वॉलेस बंधूंनी १८६३ मध्ये मुंबईत काढलेली ही कंपनी ओंडके नदीतून खाली आणी आणि त्यावर राजाला पट्टी भरी. कंपनीने ओंडके कमी दाखवले, असा ठपका ठेवून ऑगस्ट १८८५ मध्ये दरबाराने तिला सुमारे २३ लाख रुपये दंड ठोठावला. हिशेबाचा हा तंटा लवादापुढे मिटला असता. इंग्रजांना खरी धास्ती होती ती फ्रान्सची. थिबाने जानेवारीत फ्रान्सशी तह केला होता आणि मांडलेतला फ्रेंच वकील बँक व रेल्वेच्या योजना मांडत होता.

२२ ऑक्टोबरच्या निर्वाणीच्या खलित्यात दंड थांबवावा, मांडलेत ब्रिटिश वकील ठेवून घ्यावा, परराष्ट्र व्यवहार हिंदुस्थान सरकारच्या सल्ल्याने चालवावा, अशा अटी होत्या. शेवटची अट मान्य करणे म्हणजे राज्य अर्धे सोडून देणेच. उत्तर समाधानकारक नाही असे ठरवून जनरल प्रेंडरगास्टची सुमारे दहा हजारांची फौज इरावतीतून आगबोटींनी वर निघाली. मिनह्लाचा किल्ला १७ नोव्हेंबरला पडला, २८ ला मांडले. दुसऱ्या दिवशी राजा-राणीला बैलगाडीत बसवून नदीकाठी नेले आणि बोटीवर चढवले.

दुसरा राजपुत्र गादीवर बसवण्याचा विचार मागे पडला आणि १ जानेवारी १८८६ रोजी मुलुख खालसा झाल्याचे जाहीर झाले. राज्य घ्यायला पंधरवडा पुरला. ते सांभाळायला कित्येक वर्षे लागली. राजा गेल्यावर गावोगावची जुनी व्यवस्था कोसळली, बंडे पेटली आणि फौज तीस हजारांवर न्यावी लागली. इंग्रजी दप्तरांत या बंडखोरांची नोंद सरसकट दरोडेखोर अशी झाली. दरम्यान व्यापाराची घडी चटकन बसली. बर्मा ऑइल कंपनी १८८६ मध्ये स्थापन झाली, मोगोकच्या खाणी १८८९ मध्ये बर्मा रूबी माइन्सकडे गेल्या आणि सागवानाची कंपनी होती तिथेच राहिली.

थिबाला आधी मद्रासला आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणले. बहादूरशहा जफरला ज्या सरकारने रंगूनला धाडले, त्याचीच ही उलटी पाठवणी. थिबासाठीचा राजवाडा, आजचा थिबा पॅलेस, १९१० मध्ये पुरा झाला. तोवर तो बंगल्यांत राहिला. तनख्यात भागेना, म्हणून जवळचे जवाहीर विकीत गेला. डिसेंबर १९१६ मध्ये रत्नागिरीतच तो वारला. राणी सुपायालातला १९१९ मध्ये मायदेशी जाऊ दिले, पण रंगूनपर्यंतच. मांडलेची परवानगी तिला मिळाली नाही.