उल्हास-वालधुनीच्या काठावरील धुणे: रिठ्यापासून पावडरीपर्यंत

घरातील कपडे कोणत्या पावडरीने धुवावेत हा प्रश्न वरकरणी किराणा दुकानातील निवडीचा वाटत असला, तरी उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांत तो मुळात नदीचा प्रश्न आहे. राजमाचीच्या परिसरात उगम पावणारी उल्हास नदी बदलापूरपाशी येते, तेथील बंधाऱ्यातून शहरांसाठी पाणी उचलले जाते, त्यानंतर वाटेतील वस्त्यांचे सांडपाणी तिला मिळते आणि आणखी खाली शहाड व मोहने येथे तेच पाणी पुन्हा पिण्यासाठी उपसले जाते. वरच्या शहरातील न्हाणीघरांतून निघालेले धुण्याचे पाणी अशा रीतीने खालच्या शहराच्या नळाच्या वाटेवर असते, आणि धुण्याच्या साधनांचा येथील इतिहास या भूगोलापासून वेगळा काढता येत नाही.

नळ येण्यापूर्वी या परिसरातील धुणे नदी, ओढा आणि विहीर यांच्या काठी होत असे. उल्हासची उपनदी असलेल्या वालधुनीच्या काठी इ. स. 1060 मध्ये शिलाहारांच्या काळात बांधले गेलेले अंबरनाथचे शिवमंदिर या काठावरील वस्तीचे प्राचीनत्व दाखवते. घरोघरी रोजच्या कपड्यांना राख किंवा खार, रेशमी व लोकरी वस्त्रांना रिठा, तर परिटाकडे मळकट सुती कपड्यांसाठी भट्टी, म्हणजे खाराच्या पाण्यात भिजवलेले कपडे वाफवण्याची पद्धत, अशी विभागणी महाराष्ट्रात सर्वत्र रूढ होती. राखेतील खार तेलकट मळाशी संयोग पावून तो सैल करतो, आणि रिठ्यातील सॅपोनिन हे फेस आणणारे द्रव्य पाण्याचा ताण कमी करून मळ सोडवते. मात्र हेच सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांना घातक असल्यामुळे, जे झाडाचे ते निरुपद्रवी, हा आजच्या जाहिरातींचा गृहीत सिद्धान्त जुन्या साधनांच्या बाबतीतही पूर्णपणे खरा नव्हता. त्या काळी नदी वाचली ती वापर थोडा आणि प्रवाह मोठा होता म्हणून.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विलायती सनलाइट साबण भारतात आला आणि विसाव्या शतकात देशी कारखान्यांनी त्याची जागा वाटून घेतली. तेल व कॉस्टिक सोडा यांपासून बनणारा साबण पाण्यात सहज कुजतो, पण दुष्फेन पाण्यात, म्हणजे ज्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार अधिक आहेत अशा पाण्यात, त्याचा फेस न होता चिकट साका बसतो आणि साबण वाया जातो.

दरम्यान काठावरील वस्तीचे रूपच बदलले. दुसऱ्या महायुद्धात उभारलेल्या कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना वसवण्यात आले, आणि 1949 मध्ये त्या वसाहतीला उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळाले. शहाडला रेयॉनचा कारखाना, अंबरनाथला काडेपेटीचा व पुढे दारूगोळा कारखान्यांचा उद्योग, आणि 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यानंतर अंबरनाथ व बदलापूर येथील रासायनिक वसाहती, यांमुळे लोकसंख्या वाढत गेली; बराकीतील सामायिक नळ आणि चाळीतील मोरी यांनी नदीकाठच्या दगडाची जागा घेतली, आणि धुणाऱ्याला आपले पाणी कोठे जाते हे दिसेनासे झाले.

याच काळात संश्लेषित अपमार्जके, म्हणजे खनिज तेलापासून बनवलेली आणि दुष्फेन पाण्यातही चालणारी धुण्याची द्रव्ये, बाजारात आली. 1959 मध्ये सर्फ आणि 1969 मध्ये अहमदाबादहून निरमा आल्यावर पावडर हळूहळू मध्यमवर्गाच्या पलीकडे पोहोचली. युरोपात सुरुवातीच्या अपमार्जकांतील फांद्या असलेले रेणू जिवाणूंना विघटित करता येत नसल्यामुळे नद्यांवर फेसाचे थर जमू लागले, तेव्हा पश्चिम जर्मनीने 1961 मध्ये कायदा केला आणि उद्योग सरळ साखळीच्या रेणूकडे वळला. त्याचा कच्चा माल असलेले लिनियर अल्किल बेंझीन पुढे या परिसरापासून फार दूर नसलेल्या पाताळगंगा येथेही तयार होऊ लागले.

तथापि, सरळ साखळीचा हा रेणू प्राणवायू असलेल्या पाण्यातच लवकर विघटित होतो, आणि येथेच वालधुनीचा इतिहास आडवा येतो. कारखान्यांचे सांडपाणी, प्रक्रियेविना सोडलेला मैला आणि उल्हासनगरच्या कॅम्प 5 मधील जीन्स धुलाईच्या कारखान्यांचे निळे पाणी यांनी ही नदी इतकी दूषित झाली की 2013 मध्ये वनशक्ती या संस्थेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली, 2015 मध्ये लवादाने संबंधित यंत्रणांवर मोठा दंड बसवला आणि पुढे 2018 च्या सुमारास जीन्स धुलाईचे कारखाने बंद करण्यात आले. प्राणवायू संपलेल्या अशा पाण्यात पाकिटावरील ‘जैवविघटनशील’ हा शब्द खरा असूनही निष्फळ ठरतो. उल्हास नदीवर वारंवार पसरणारी जलपर्णी हे सांडपाण्याच्या या प्रदूषणाचेच दुसरे रूप होय, कारण पाणी मृदू करण्यासाठी पावडरीत घातले जाणारे फॉस्फेट आणि मैल्यातील नायट्रोजन व फॉस्फरस ही तिची खते असतात. युरोपीय संघाने 2013 पासून घरगुती धुलाईच्या पावडरीतील फॉस्फेटवर कडक मर्यादा घातली ती याच कारणाने.

भारतात 1991 मध्ये केंद्र सरकारने मातीच्या माठाचे चिन्ह असलेली इकोमार्क योजना सुरू केली आणि साबण व अपमार्जके तिच्या पहिल्या वर्गांत घेतली. परंतु उत्पादकांचा प्रतिसाद अल्प राहिला, आणि 2024 मध्ये या योजनेचे नियम नव्याने करावे लागले. म्हणून या तीन शहरांतील ग्राहकाने केवळ हिरव्या रंगाचे पाकीट किंवा रिठ्याचे चित्र पाहून निवड करू नये. फॉस्फेट नाही असे स्पष्ट लिहिलेली व घटक छापलेली पावडर घ्यावी, पाणी किती दुष्फेन आहे त्याप्रमाणे मापाने वापरावी आणि अधिक फेस म्हणजे अधिक स्वच्छता हा समज सोडावा, एवढे त्याच्या हाती आहे. उरलेले काम सांडपाण्याच्या प्रक्रियेचे आहे, आणि ती पूर्ण क्षमतेने चालावी यासाठी नगरपालिका व महानगरपालिकांकडे आग्रह धरल्याशिवाय कोणतीही पावडर उल्हास किंवा वालधुनीला पर्यावरणपूरक ठरणार नाही.