पिकअप नाही

डिझेल गाडी घेऊन गॅरेजमध्ये जाणाऱ्या माणसाची तक्रार गेल्या पन्नास वर्षांत फारशी बदललेली नाही. "मेस्त्री, गाडी पिकअप घेत नाही." कुणी म्हणतं ओढत नाही, कुणी म्हणतं घाटात मरते. तक्रार तीच, पण दुखण्याने जागा बदलली. पूर्वी ते डिझेलमध्ये असायचं, आता बरेचदा तारेत असतं. हे स्थलांतर कसं झालं ते शोधायचा मला गेले काही महिने नाद लागलाय. घरची मंडळी म्हणतील, हे काय नवीन खूळ! पण वाचून बघा, ह्यात नुसत्या गाड्या नाहीत.

सुरुवात अगदी मुळापासून करू. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली जर्मनीतल्या ऑग्सबर्गला आपलं इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवलं, तेव्हा त्यातली मोठी गंमत ही होती की त्याला ठिणगी लागत नाही. हवा इतकी दाबायची की ती आपोआप तापते, आणि त्या तापलेल्या हवेत इंधन सोडायचं. अडचण एवढीच की इंधन नेमक्या क्षणी, नेमकं तितकंच आणि प्रचंड दाबाने सोडावं लागतं. १९२७ साली बॉशने त्यासाठीचे पंप कारखान्यात मोठ्या संख्येने बनवायला घेतले आणि मग डिझेल इंजिन जहाजातून आणि कारखान्यातून रस्त्यावर उतरलं. आपल्याकडे हीच बॉश १९५१मध्ये बंगलोरला 'मायको' नावाने आली. नाशिककरांना वेगळं सांगायला नको, सातपूरच्या कारखान्यात डिझेलचे नोझल बनतात आणि मायको सर्कल त्या नावानेच ओळखलं जातं. २००८मध्ये कंपनीचं नाव बॉश झालं, चौकाचं काही झालं नाही.

तर त्या काळचं डिझेल इंजिन म्हणजे विजेशी जवळपास संबंध नसलेला प्राणी. सेल्फ मारायला बॅटरी हवी, पण एकदा इंजिन सुरू झालं की बॅटरीचं काम संपलं. माझ्या मामांची डिझेल जीप तर चावीने बंदसुद्धा व्हायची नाही, डॅशबोर्डखालची स्टॉपची केबल ओढावी लागायची. सेल्फ गेला तर उतारावर लावायची आणि ढकलून चालू करायची. अशी गाडी ओढेनाशी झाली की मेस्त्रींचा क्रम ठरलेला. आधी फिल्टर. मग कुठे 'एअर घेतली' का बघायचं, हातपंप मारून एअर काढायची. मग पाणी. मग एकेका नोझलचा पाइप सैल करून इंजिनचा आवाज ऐकायचा. ज्याचा पाइप सैल केल्यावर आवाजात फरक पडत नाही तो सिलिंडर आधीपासूनच काम करत नव्हता. शेवटी पंप उतरवून कॅलिब्रेशनला. मेस्त्रींच्या हातात पाना, कानात इंजिन आणि बोटावर डिझेलचा वास, एवढ्यावर निदान व्हायचं.

मग ह्या सुखी संसारात तार आली कुठून? ती आली धुरामुळे. यांत्रिक पंपाला इंजिनचा वेग कळतो, पायाखालचा ॲक्सिलरेटर कळतो, पण हवा किती आत आली, ती किती गरम आहे ह्याचा त्याला पुरेसा अंदाज नसतो. त्यामुळे तो थोडं जास्त डिझेल सोडतो आणि गाडी काळा धूर सोडते. युरोपात धुराचे नियम कडक होत गेले. भारतातही २००० सालापासून त्याच धर्तीचे नियम टप्प्याटप्प्याने आले. इतकं बारीक मोजमाप पान्याने जमणारं नव्हतं. १९८६पासून बॉश डिझेल पंपाला इलेक्ट्रॉनिक नियंत्रण जोडू लागली होती, आणि नव्वदीच्या शेवटी ते रानावनात हिंडणाऱ्या गाड्यांपर्यंत पोचलं.

ह्याचं मला सापडलेलं सगळ्यात बोलकं उदाहरण इंग्लंडमधलं आहे. लँड रोव्हर ही १९४८ सालची गाडी, शेतकऱ्यांसाठी काढलेली, पुढे आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत गेलेली. (२००८पासून ती टाटांची आहे, म्हणजे आता आपल्याही नात्यातली.) तिचं १९९४चं ३००टीडीआय हे इंजिन पूर्ण यांत्रिक पंपावर चालायचं. त्याला चालत राहायला जवळजवळ एकच तार लागते, पंपावरचा डिझेल सोडणारा व्हॉल्व्ह उघडा ठेवणारी. १९९८मध्ये त्याच्या जागी टीडी५ आलं. अडीच लिटर, पाच सिलिंडर, आणि प्रत्येक सिलिंडरच्या इंजेक्टरला स्वतःचा विजेवर चालणारा व्हॉल्व्ह. ॲक्सिलरेटरची केबल गेली, तिथेही सेन्सर आला. पाय फक्त विनंती करणार, डिझेल किती द्यायचं ते कंप्युटर ठरवणार. गाडी जास्त ताकदवान झाली, धूर कमी झाला. तरीही सैन्यासाठी आणि परदेशातल्या काही गिऱ्हाइकांसाठी जुनं ३००टीडीआय पुढे कित्येक वर्षं बनत राहिलं. जिथे जवळचं गॅरेज दोन दिवसांच्या वाटेवर आहे तिथे एकच तार बरी.

आता टीडी५चं ते प्रसिद्ध दुखणं. इंजेक्टर असतात इंजिनच्या वरच्या झाकणाखाली, म्हणजे उकळत्या ऑइलच्या पावसात. त्यांच्या तारा तिथूनच बाहेर येतात. तांब्याची तार म्हणजे बारीक धाग्यांचा जुडगा, आणि धाग्यांच्या मधे फट असणारच. समईच्या वातीत तेल जसं चढतं, तसं इंजिन ऑइल ह्या तारेच्या आवरणाच्या आतून सरकू लागतं. ते हळूहळू, काही वर्षांत, मुख्य वायरिंगमधून थेट कंप्युटरच्या लाल प्लगपर्यंत पोचतं. डिफेंडर गाडीत हा कंप्युटर सीटखाली असतो. म्हणजे इंजिनमधलं ऑइल तारेच्या पोटातून चालत सीटखाली येतं! तिथे प्लगच्या पिनांवर ऑइलचा थर बसतो, संपर्क कच्चा होतो, इंजेक्टरला जाणारा हुकूम अर्धवट पोचतो. इंजिन अडखळतं, पिकअप जातो.

बाहेरून दिसतं काय? काहीच नाही. फिल्टर स्वच्छ, डिझेल स्वच्छ, टर्बो ठीक. अनेक मालकांनी इंजेक्टर बदलले, पंप बदलले, हवा मोजणारा सेन्सर बदलला. खरी तपासणी मात्र फुकट आहे. लाल प्लग काढायचा, पांढऱ्या कागदाने पुसायचा आणि कागदावर ऑइलचा डाग येतो का बघायचं. डाग आला तर झाकणाखालची वायरिंग नवी टाकायची आणि प्लग स्प्रेने धुवायचा. तेवढ्याने भागत नाही, कारण मुख्य वायरिंगमध्ये मुरलेलं ऑइल पुढे कित्येक आठवडे झिरपत राहतं. प्लग पुन्हा पुन्हा पुसावा लागतो.

हे वाचताना मला जाणवलं की नव्या गाडीचं अशक्त होणं जुन्यापेक्षा वेगळ्या जातीचं आहे. जुन्या इंजिनला डिझेल मिळत नव्हतं म्हणून ते ओढत नव्हतं. नव्या इंजिनाला बरेचदा डिझेल भरपूर असतं, पण कंप्युटर ते देत नाही. सेन्सरची तार तुटली, उंदराने कुरतडली, की कंप्युटरला अशक्य वाटणारे आकडे येतात. मग तो इंजिन वाचवायला ताकद मुद्दाम कमी करतो. टर्बोचा दाब प्रमाणाबाहेर गेला तरी टीडी५ डिझेल तोडतं, म्हणजे जास्त झाल्यामुळेही कमी होतं. स्कॅनर लावला की कोड येतो, आणि कोडमध्ये ज्या सेन्सरचं नाव तोच चोर समजून बदलला जातो. पण कोड ही फिर्याद आहे, निकाल नव्हे. सेन्सर खोटं बोलतोय, की त्याचा निरोप आणणारी तार, हे कोडला ठाऊक नसतं.

माझ्या एका मित्राच्या फोर व्हील ड्राइव्ह डिझेल गाडीचं असंच झालं. पावसात ताम्हिणी चढताना ताकद जायची, दुसऱ्या दिवशी पुण्यात सगळं ठणठणीत. दर वेळी कोड वेगळा. एका गॅरेजने दोन सेन्सर बदलून झाले. शेवटी नाना पेठेतल्या एका वायरिंगवाल्या काकांनी विचारलं, "ह्या सगळ्यांत सामाईक काय आहे?" त्यांनी गाडी चालू ठेवून दिवे, वायपर, एसी सगळं लावायला सांगितलं. मीटरची एक टोचणी बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी कंप्युटरच्या अर्थला. तिथे जेमतेम शून्य दिसायला हवं, दिसले दोन व्होल्टच्या वर. ओढे ओलांडताना बसलेल्या चिखलाने अर्थचा बोल्ट आतून गंजला होता. पॉलिश पेपर, एक नवा बोल्ट, वर थोडं ग्रीस, काम संपलं. मी मुद्दाम विचारलं, की गाडी बंद करून तार तपासली असती तर? ते म्हणाले, "तार चांगलीच दाखवली असती. शंभर धाग्यांतला एक जिवंत असला तरी मीटर हो म्हणतो. भार टाकला की कळतं."

मामांच्या मेस्त्रींची पाइप सैल करून ऐकायची रीत आणि ही रीत सख्ख्या बहिणी आहेत. दोन्हीत चालत्या इंजिनला प्रश्न विचारलाय. टीडी५वालेही हवा मोजणाऱ्या सेन्सरचा प्लग काढून गाडी चालवून बघतात. तसं केल्यावर सुधारली तर संशय सेन्सरवर, कारण आता कंप्युटर ठरावीक आकडे गृहीत धरून चालतोय.

फरक एवढाच की जुन्या इंजिनला प्रश्न विचारायला कुणाची परवानगी लागत नव्हती. नव्याला विचारायला यंत्र लागतं, वायरिंगचा नकाशा लागतो, आणि ते कंपनीच्या कुलपात. अमेरिकेत १९९६पासून गाड्यांना एकसारखा तपासणी प्लग सक्तीचा झाला, भारतात ही व्यवस्था २०१० आणि २०१३ अशा दोन टप्प्यांत आली. पण प्लग सगळ्यांना दिला तरी आतली सगळी भाषा दिली असं होत नाही. ऑगस्ट २०१४मध्ये आपल्या स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग, तपासणीची यंत्रं आणि माहितीपुस्तकं बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत ह्याच कारणावरून. प्रकरण पुढे अपिलात गेलं. पण नाना पेठेतल्या त्या काकांचा धंदा चालतो की नाही ह्याचा निवाडा तिथे होत होता, हे किती जणांच्या लक्षात आलं?

काकांकडे कंपनीचा नकाशा नव्हताच. त्यांनी अर्थ शोधला तो अनुभवावर. पण कंप्युटरच्या पोटातलं दुखणं असतं तर नुसता अनुभव पुरला नसता, आणि गाडी पुन्हा त्याच काचेच्या शोरूममध्ये गेली असती.

असो. तुमच्यापैकी कुणाच्या आजोबा-काकांकडे जुनी डिझेल जीप असेल, आणि ती कशी बरी करायचे ते आठवत असेल, तर जरूर लिहा. ह्या गोष्टी कुठल्या माहितीपुस्तकात नसतात, आणि त्या माहीत असलेली माणसं आता थकली आहेत.