आभासी यंत्रांतील काळ : एका सवलतीचा इतिहास

एकाच संगणकावर अनेक स्वतंत्र संगणक चालत असल्याचा आभास निर्माण करणारी व्यवस्था, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, आयबीएमच्या केंब्रिज सायंटिफिक सेंटरमध्ये १९६४ नंतर आकाराला आली. तेथे सिस्टीम/३६० च्या मॉडेल ४० वर उभारलेली सीपी-४० ही प्रणाली १९६७ मध्ये वापरात आली आणि तिच्याच वंशातील व्हीएम/३७० ची घोषणा ऑगस्ट १९७२ मध्ये झाली. प्रत्येक वापरकर्त्याला अख्खे यंत्र आपल्या एकट्याचे आहे असे वाटे, प्रत्यक्षात प्रोसेसर सर्वांना पाळीपाळीने दिला जाई. या वाटणीत मेमरीचे व डिस्कचे हिस्से पाडता आले. घड्याळाची मात्र पंचाईत झाली, कारण बाहेरचा काळ कोणाच्या पाळीसाठी थांबत नाही.

सिस्टीम/३६० मध्ये वेळ मोजण्याचे साधन म्हणजे मेमरीतील ८० व्या पत्त्यावर ठेवलेला एक आकडा होता, जो यंत्र ठरावीक गतीने कमी करत जाई. आभासी यंत्राची पाळी चालू असतानाच तो कमी केला, तर आतला तास बाहेरच्या तासापेक्षा लांबत असे. म्हणून व्हीएम/३७० मध्ये ते यंत्र काम नसल्याने स्वस्थ असतानाचा वेळही हिशेबात धरणारा ‘रिअलटाइमर’ हा पर्याय द्यावा लागला. जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये आभासी यंत्राची जी काटेकोर व्याख्या केली, तिच्यात कार्यक्रमाचा परिणाम खऱ्या यंत्रावर होतो तसाच झाला पाहिजे अशी अट होती. पण वेळेमुळे पडणारे फरक त्या अटीतून वगळलेले होते. ही सवलत प्रामाणिक होती, आणि तिची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली.

१९९९ मध्ये व्हीएमवेअर वर्कस्टेशनने हे तंत्र इंटेल प्रोसेसरच्या साध्या पीसीवर आणले, तेव्हा ही किंमत उघड झाली. त्या काळच्या कार्यप्रणाली टिक मोजून वेळ ठेवत. टिक म्हणजे घड्याळाच्या चिपने प्रोसेसरला ठरावीक अंतराने दिलेली हाक. पीसीवरील लिनक्सच्या जुन्या आवृत्त्या सेकंदाला १०० टिक मागत, तर डिसेंबर २००३ मधील २.६ आवृत्तीने ही संख्या १००० वर नेली. त्यामुळे होस्टवर, म्हणजे मूळ संगणकावर, अशी दहा यंत्रे काहीही न करता नुसती उभी असली तरी सेकंदाला १०,००० टिक पुरवाव्या लागत आणि प्रोसेसरचा बराच वेळ निव्वळ त्यातच जाई. संथपणा आणि घड्याळाची चूक या दोन तक्रारी वेगवेगळ्या नोंदवल्या जात, पण त्यांचे मूळ बहुधा एकच असे.

अर्धा सेकंद पाळी न मिळालेल्या यंत्राच्या ५०० टिक थकत. हायपरव्हायजर, म्हणजे ही वाटणी सांभाळणारा कार्यक्रम, पाळी आल्यावर त्या भराभर पुरवू लागे. पण लिनक्सच्या काही आवृत्त्या हुकलेल्या टिक स्वतःच ओळखून वेळ आधीच पुढे सारत, आणि तीच थकबाकी दोनदा वसूल होऊन मागे पडणारे घड्याळ चक्क पुढे धावू लागे. त्यावर व्हीएमवेअरची वेळ जुळवण्याची जुनी सोय फक्त मागे पडलेले घड्याळ पुढे आणी, पुढे गेलेले मागे आणत नसे. डेव्हिड मिल्स यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या एनटीपी या जाळ्यावरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीचाही येथे पुरेसा उपयोग होईना. तिचे नेहमीचे सॉफ्टवेअर घड्याळाची गती दशलक्षात ५०० भागांपर्यंत, म्हणजे दिवसाला सुमारे ४३ सेकंद, हळूहळू सुधारू शके. घड्याळाच्या चिपला गती देणाऱ्या स्फटिकाच्या संथ, एकसारख्या चुकीसाठी ही मर्यादा भरपूर होती, परंतु होस्टवरील गर्दीनुसार लहरीपणाने हुकणाऱ्या टिकपुढे ती तोकडी पडे.

यावरचे उपाय टप्प्याटप्प्याने आले. लिनक्सने २००५ मध्ये टिकची प्रचलित संख्या २५० वर आणली आणि २००७ पासून रिकाम्या प्रोसेसरला टिक न देण्याची सोय केली. केव्हीएम या हायपरव्हायजरने तर होस्टच्या वेळेची नोंद मेमरीतील सामाईक पानावर ठेवून टिक मोजण्याची गरजच काढून टाकली. लिनक्सच्या ‘टॉप’ या आज्ञेत ‘एसटी’ अक्षरांखाली दिसणारा आकडाही याच काळातला आहे. यंत्र काम करण्यास तयार असूनही होस्टने प्रोसेसर दुसऱ्याला दिला, असा वेळ त्यात मोजला जातो, आणि तो सतत मोठा दिसल्यास यंत्राच्या आतील कार्यक्रमात दोष शोधत बसण्याऐवजी होस्टवरची गर्दी तपासली जाते. गोठवून ठेवलेल्या यंत्राला मात्र जागे झाल्यावर किती काळ गेला हे आजही बाहेरूनच कळवावे लागते.