शरदातील पक्षी आणि त्यांची नावे : उल्हास नदीच्या खोऱ्यासंबंधी काही विचार

‘पक्षिनिरीक्षण’ हा शब्द मराठीत अलीकडचा आहे. तो इंग्रजी शब्दाचा अनुवाद असल्यामुळे ती कृतीही परकीय असावी, असा समज सुशिक्षितांत सहज रूढ झाला. दुर्बीण, टिपणवही आणि जातींची क्रमवार यादी ही साधने पाश्चात्त्य खरी. परंतु पाऊस सरल्यावर पाणवठ्यावर नव्याने उतरलेला पक्षी मुद्दाम जाऊन पाहावा, ही चाल या देशात सुमारे दीड हजार वर्षे तरी जुनी आहे. अंबरनाथ-बदलापूरच्या तलावांवर शरद ऋतूत होणारे आजचे निरीक्षण या जुन्या चालीशी कोठे जुळते आणि कोठे तुटते, याचा शोध घेण्यास पक्ष्यांची नावे हे एक उपयुक्त साधन आहे. नावे ठेवणारा माणूस काय पाहत होता, हे नावावरून कळते. आणि नाव नसेल तर त्याचे पाहणे कोणी टिपून घेतले नाही, एवढे तरी कळतेच.

वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, म्हणजे इसवी सनाच्या सहाव्या शतकात, खंजन पक्ष्यावर एक स्वतंत्र अध्याय आहे. वर्षातील त्याचे पहिले दर्शन कोठे घडले यावरून त्यात शुभाशुभ फळे सांगितली आहेत. फलज्योतिषाचा भाग सोडून दिला तरी त्या अध्यायाचे महत्त्व कमी होत नाही. ‘पहिले दर्शन’ या कल्पनेतच हा पक्षी काही महिने नसतो आणि मग येतो, हे ज्ञान गृहीत आहे. शिवाय ग्रंथकार खंजनाचे चार प्रकार करतो : काळ्या गळ्याचा भद्र, मुखापासून कंठापर्यंत काळा तो संपूर्ण, गळ्यावर केवळ काळा ठिपका असलेला रिक्त आणि पिवळा तो गोपीत. आजचा निरीक्षकही पांढऱ्या व पिवळ्या धोब्यांच्या जाती-उपजाती ओळखताना प्रथम गळ्याकडे आणि छातीकडेच पाहतो. शरदात येणाऱ्या पांढऱ्या धोब्याचा गळा पांढरा होऊन छातीवर काळी कोर तेवढी उरते. बारमाही राहणाऱ्या मोठ्या धोब्याचे डोके व गळा मात्र काळाच असतो. ‘रिक्त’ आणि ‘संपूर्ण’ या भेदाच्या मुळाशी हेच निरीक्षण असणे संभवनीय आहे. फळे काल्पनिक, पण खुणा खऱ्या, असा हा विलक्षण अध्याय आहे.

संस्कृतात हा पक्षी ‘खंजन’ किंवा ‘खंजरीट’ झाला तो चालीवरून. ‘खंज्’ धातूचा अर्थ लंगडणे. अमरकोशात ही दोन्ही नावे शेजारी शेजारी आहेत. मराठीने मात्र चाल सोडून धंदा पाहिला. नदीकाठी, कपडे धुण्याच्या दगडांभोवती सतत शेपूट खालीवर आपटणाऱ्या या पक्ष्याला तिने ‘परीट’ म्हटले, ‘धोबी’ म्हटले. संस्कृत नाव घडवणाऱ्याने पक्षी एकटा पाहिला. मराठी नाव घडवणाऱ्याने तो घाटावर माणसांच्या सोबत पाहिला. करडा धोबी पाऊस पुरता थांबण्यापूर्वीच, भाद्रपदाच्या सुमारास, ओढ्यांच्या काठी दिसू लागतो. त्याच्या मागून पांढरा व पिवळा येतात.

याच पक्ष्याशी आधुनिक पक्षिशास्त्राच्या महाराष्ट्रातील आरंभाचाही संबंध आहे. मुंबई सरकारच्या सेवेत सांख्यिकी माहिती गोळा करणारा लष्करी अधिकारी विल्यम हेन्री सायक्स याने १८३२ साली दख्खनमधील पक्ष्यांची यादी लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेच्या वृत्तांतात प्रसिद्ध केली. त्या यादीतून पांढऱ्या धोब्याच्या एका उपजातीस ‘दुखुनेन्सिस’, म्हणजे दख्खनचा, हे नाव मिळाले. वास्तविक तो पक्षी पश्चिम सायबेरियात घरटी करतो आणि इकडे केवळ हिवाळा काढतो. मध्य आशियात वाढणाऱ्या वटवट्याच्या जातीतील एका लहानशा तपकिरी पक्ष्याला तर सायक्सने ‘रामा’ असे नाव दिले. जेथे जो प्रथम नोंदला गेला तेथला तो ठरला. शास्त्रीय नामकरणही शेवटी निरीक्षक कोठे उभा होता यावरच अवलंबून असते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

विजयादशमीला चाषाचे, म्हणजे नीळकंठाचे, दर्शन शुभ मानतात. ‘चाष’ शब्द मराठीत ‘चास’ असा झाला आणि टिकला. चाष हा भारतातच राहणारा पक्षी आहे. परंतु नेमक्या त्याच दिवसांत त्याचा जवळचा नातेवाईक, यूरोपीय नीलपंख, यूरोप व मध्य आशियातून आफ्रिकेकडे जाताना पश्चिम भारतावरून जातो. दसऱ्याच्या दिवशी माळावरच्या तारेवर दिसलेला निळा पक्षी या दोहोंपैकी कोणता, हे पाहणारे किती असतील? शकुनाला तो भेद लागत नाही; इतिहासाला लागतो. शरद हा आगमनाइतकाच निर्गमनाचा काळ आहे, हेही येथे ध्यानात ठेवले पाहिजे. पावश्याचे ‘पेरते व्हा’ तोपर्यंत थांबलेले असते आणि पावसाबरोबर आफ्रिकेतून आलेला चातक परत फिरलेला असतो.

सर्वच नावे अशी प्रत्यक्ष पाहण्यातून आली नाहीत. चक्रवाकाचे उदाहरण घ्यावे. ज्ञानेश्वरीच्या सोळाव्या अध्यायाच्या आरंभी बुद्धी आणि बोध यांना नदीच्या दोन थड्यांवर विरहाने आक्रंदणाऱ्या चक्रवाकांच्या जोडप्याची उपमा दिली आहे, आणि ज्ञानसूर्य उगवल्यावर त्यांचे मीलन होते. शके १२१२ मधील त्या श्रोत्यांना चक्रवाक परिचित होता हे निश्चित. पण तो नदीवरून परिचित होता की काव्यसंकेतातून, हे सांगणे कठीण आहे. ‘करकोचा’ हा शब्द याहून अधिक घसरला. इसापनीतीतील कोल्ह्याच्या गोष्टीमुळे तो प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक आहे, पण लांब चोचीचा कोणी पक्षी एवढाच त्याचा अर्थ बहुतेकांच्या मनात उरला आहे. जुन्या संस्कृत टीकाकारांची ‘पक्षिविशेषः’ ही सोईस्कर पाटी मराठी वाचकाच्या मनातही अशी लटकत राहिली.

आता पाण्याकडे वळले पाहिजे. उल्हास नदीच्या खोऱ्यातील आजचे मोठे जलाशय निसर्गदत्त नाहीत. शके ९८२ (इ. स. १०६०) मध्ये शिलाहार राजा माम्वाणी याच्या काळात वालधुनीच्या काठी अंबरनाथचे शिवमंदिर पूर्ण झाले, तेव्हा या भागात पावसाळ्यानंतर उरणारे पाणी म्हणजे नद्यांचे डोह, गावतळी आणि भाताची खाचरे. चिखलात चोच खुपसणारे तुतवार, चिखल्ये आणि पाणलावे यांना खाचरच सोईचे. आश्विनात हळवे भात कापले जाते, गरवे उभे असते, आणि मधल्या ओल्या तुकड्यांत त्यांना भक्ष्य मिळते. खोल आणि विस्तीर्ण उघडे पाणी लागणाऱ्या बदकांना मात्र या खोऱ्यात फारशी जागा नसावी.

१८५६ साली कल्याणपासून दक्षिणेकडे जाणारा लोहमार्ग सुरू झाला आणि इंजिनांना पाणी लागू लागले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने वालधुनीच्या वरच्या अंगाला काकोळे येथे बांध घालून जो तलाव केला, तो आजही त्या कंपनीच्या आद्याक्षरांनीच ओळखला जातो. पुढे अंबरनाथला चिखलोलीचे धरण झाले. औद्योगिक विकास महामंडळासाठी बदलापूरजवळ १९७२ मध्ये बारवी धरण उभे राहिले आणि नंतर त्याची उंची टप्प्याटप्प्याने वाढवण्यात आली. इंजिन, शेत आणि कारखाना या तीन गरजांनी खोऱ्याला जे पाणी दिले, त्यावर पक्षी आले ते अनाहूत.

या जलाशयांचे ऋतुमान जुन्या खाचरांच्या नेमके उलट आहे. शरदात धरण काठोकाठ भरलेले असते, म्हणून चिखलाची कड जवळजवळ नसतेच. पाणी उतरू लागले, की माघ-फाल्गुनात ती रुंदावते. यामुळे आश्विनात धरणावर गेलेल्या नवशिक्याची बहुधा निराशा होते. पाणकावळे, टिबुकल्या, खंड्या आणि हळदी-कुंकू बदके ही बारमाही मंडळी दिसतात, पण दूरचे पाहुणे मोजके. पाणटिवळ्यांसाठी त्याने भाताच्या बांधावरून चालावे हे उत्तम. बदके थंडी पडू लागल्यावर, कार्तिकापासून पुढे येतात : शेपटीच्या टोकदार पिसांमुळे ‘तलवार’ म्हटले जाणारे, आणि रुंद चोचीमुळे ‘थापट्या’ म्हटले जाणारे. ‘वारकरी’ हे नाव विशेष लक्षणीय आहे. काळे अंग, कपाळावर पांढरा टिळा आणि थव्याने संचार, एवढ्यावरून कोणा मराठी डोळ्याने या पाणपक्ष्यात दिंडी पाहिली असावी. ‘हळदी-कुंकू’ हे नावही चोचीचे पिवळे टोक आणि तिच्या मुळाशी असलेले तांबडे ठिपके पाहून ठेवलेले आहे. अशी नावे जवळून, निवांतपणे पाहिल्याशिवाय सुचत नाहीत.

येथे या खोऱ्यात दुसरी एक भाषा येते. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना जागा देण्यात आली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. संस्कृत ‘उल्लास’ मराठीत ‘उल्हास’ झाला. नदीचे ते मराठी नाव सिंधी नगराने धारण केले. ही माणसे ज्या प्रदेशातून आली तो जलपक्ष्यांच्या दृष्टीने पश्चिम भारतापेक्षा कितीतरी संपन्न. सिंधमधील मंचर सरोवर हिवाळी बदकांसाठी प्रसिद्ध आणि तेथील मोहाणा कोळी होड्यांतच संसार करणारे. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. १९०० साली ‘मुंबईचे सामान्य पक्षी’ या विषयावर इंग्रजीत खुसखुशीत पुस्तक लिहिणारे एडवर्ड हॅमिल्टन एटकिन यांनीच १९०७ चे सिंधचे गॅझेटियर सिद्ध केले, हा योगायोग नव्हे. नोकरीचा आणि निरीक्षणाचा मुलूख तेव्हा एकच होता.

सिंधीत वारकऱ्याला, म्हणजे त्या टिळेवाल्या काळ्या पाणपक्ष्याला, ‘आड़ी’ म्हणतात. मराठीत शीळ घालत उडणाऱ्या लहान बदकाला ‘अडई’ म्हणतात. पक्षी वेगळे, परंतु दोन्ही शब्दांचा संबंध संस्कृतातील ‘आटि’, ‘आडि’ या जलपक्षिवाचक शब्दाशी असावा, असे मानण्यास आधार आहे. त्याहून जुने रूप ‘आति’. शतपथ ब्राह्मणातील पुरूरवा-उर्वशीच्या कथेत अप्सरा आति पक्ष्यांच्या रूपाने सरोवरात पोहत असतात. एकच प्राचीन शब्द एका वाटेने मराठीत आला, दुसऱ्या वाटेने सिंधीत. आणि १९४७ नंतर त्याचे दोन्ही वारस एकाच नदीच्या काठी येऊन राहिले. क्रौंचाचेही तसेच. मराठीत तो संस्कृत रूपातच, पुस्तकात राहिला. सिंधीत त्याची ‘कूंज’ झाली आणि शाह अब्दुल लतीफांच्या काव्यात थव्यापासून दुरावलेल्या कूंजेचा विलाप अजून गाइला जातो. निर्वासितांच्या पहिल्या पिढीला ती प्रतिमा समजावून सांगावी लागली नसेल. उल्हासनगरात जन्मलेल्यांच्या तोंडी आड़ी, कूंज यांसारखे शब्द कितपत उरले, हा प्रश्न विचारण्यास अजून थोडा अवधी आहे, फार नाही.

मराठी बाजूची स्थितीही समाधानकारक नाही. खोऱ्यातील आगरी, ठाकर, कातकरी यांच्या बोलींची दखल ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०५ च्या सातव्या खंडात घेतली गेली. परंतु त्या सर्वेक्षणाचा नमुनापाठ होता उधळ्या पुत्राची बायबलमधील कथा. तिच्यात डुकरे आहेत, करडू आहे, पुष्ट वासरू आहे. पक्षी एकही नाही. सोबतच्या ठराविक शब्दयादीत पक्षिवर्गाचे तीनच शब्द विचारले होते : कोंबडा, बदक आणि ‘पक्षी’. त्यांतील ‘बदक’ हा मराठीत मुळात फारशीतून आलेला शब्द. जंगलात आणि पाण्याकाठी आयुष्य घालवणाऱ्या जमातींना, त्यांना सर्वांत कमी उपयोगाचे तीन शब्द विचारून यादी बंद करण्यात आली. सर्वेक्षणाचे मोठेपण यामुळे कमी होत नाही. मात्र पुढील अभ्यासकांनीही ती पोकळी बहुतांशी तशीच ठेवली, याचे समर्थन करता येणार नाही. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी वनखात्यातील नोकरीत आदिवासींकडून पक्ष्यांची नावे मिळवून आपल्या पक्षिकोशात ग्रथित केली. त्यांचे अनुभवक्षेत्र मात्र मुख्यतः विदर्भाचे. उल्हास खोऱ्यासाठी असे काम कोणी हाती घेतले तर त्याला एका अडचणीस तोंड द्यावे लागेल. ज्या पाण्यावर आज पक्षी पाहायचे, त्याच पाण्याखाली बारवीकाठच्या काही गावांची व पाड्यांची जमीन गेली आहे, आणि नावे सांगू शकणारी माणसे विखुरली आहेत. खालच्या अंगाला वालधुनी उल्हासनगरापर्यंत पोहोचते ती रसायनांनी दूषित होऊन. परटाचे दगड आणि परीट पक्षी हे एकत्र पाहण्याची सोय तेथे उरलेली नाही.

आजच्या पद्धतशीर नोंदींतही एक उणीव आहे. आशियातील पाणपक्ष्यांची जी सामुदायिक गणना भारतात १९८७ पासून होते, ती जानेवारीत. वस्तीला राहिलेले पक्षी मोजण्यास तो महिना योग्यच; पण आश्विनात केवळ वाटेवर उतरून चार दिवसांत पुढे गेलेले नीलपंखासारखे प्रवासी तिच्यात येत नाहीत. अशांसाठी भाद्रपदापासून कार्तिकापर्यंत एकाच तळ्यावर दर आठवड्यास एकाच माणसाने जाणे आणि पहिल्या दर्शनाची तिथी लिहून ठेवणे हाच उपाय आहे. वराहमिहिराच्या अध्यायाचा आरंभही पहिल्या दर्शनापासूनच होतो. त्यात तिथीबरोबर जागा, आणि जागेबरोबर गळ्याचा रंग, एवढे टिपले म्हणजे नोंद पुरी होते. काकोळ्याच्या तलावासारखे, पायी फेरी घालता येईल इतके लहान पाणी त्याला पुरेसे आहे.